देहाचा तोल आणि त्याचा अभ्यास

(लातूर येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, उपवर मुलामुलींचा परिचय झाला, ज्येष्ठांना शाल व श्रीफळ अर्पण झाले. आता पाने मांडली जाईपर्यंतचा वेळ आमच्या वाट्यास आला आहे. विषय आहे देहाचा तोल. आम्ही वैद्य नव्हे, आणि पहिलवान तर नव्हेच. आमचे आयुष्य खडू आणि फळा यांत गेले. परंतु शिकलेली गोष्ट सरावावाचून कशी विसरते आणि सरावाने कशी परत येते, हे शिक्षकाइतके जवळून क्वचितच कोणी पाहिलेले असते. देहाचा तोल ही अशीच एक शिकलेली गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही वयात पुन्हा शिकता येते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

तोल म्हणजे तारुण्याबरोबर येणारी आणि तारुण्याबरोबर जाणारी देणगी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. केस पांढरे व्हावयाचे, दात पडावयाचे, तसाच तोलही जावयाचा, असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. वस्तुतः कोणतेही मूल तोल घेऊन जन्मास येत नाही. ते आधी रांगते, मग भिंतीस धरून उभे राहते, पांगुळगाडा ढकलीत अंगणभर फिरते, दिवसातून असंख्य वेळा पडते आणि उठते. हा त्याचा अभ्यासच होय. तिसऱ्या इयत्तेत एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हणणारा मुलगा चाळीस वर्षांनी तो पाढा विसरतो, तेव्हा त्याची बुद्धी गेली असे आपण म्हणत नाही. उजळणी राहिली असे म्हणतो. तोलाच्या बाबतीतही बराचसा असाच प्रकार आहे.

हा तोल शरीरात कसा सांभाळला जातो, ते थोडक्यात पाहू. गावातील पंच जसा तिघांची साक्ष ऐकून निवाडा करतो, तद्वत आपला लहान मेंदू तीन साक्षीदारांचे ऐकतो. पहिला साक्षीदार डोळा. जमीन कोठे आहे, भिंत सरळ आहे की नाही, हे तो सांगतो. दुसरा साक्षीदार कानाच्या आत खोलवर बसलेला आहे. तेथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. मान वळली की तो द्रव हलतो आणि मेंदूस वार्ता पोहोचते. त्यांच्याशेजारी चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, ते डोके कोणत्या बाजूस कलले आहे हे कळवितात. तिसरा साक्षीदार पायात आहे. तळव्याची त्वचा, घोटा, गुडघा यांतून जमीन सपाट की चढाची, कोरडी की निसरडी, याची खबर क्षणोक्षणी वर जाते. तिघांचे ऐकून मेंदू आज्ञा सोडतो, आणि पोटऱ्या, मांड्या व कंबर यांचे स्नायू ती आज्ञा बजावतात. हे सारे पापणी लवते न लवते तोच घडावे लागते.

वय वाढते तसे हे साक्षीदार थकतात. डोळ्यांत मोतीबिंदू येतो. कानातील यंत्रणा मंदावते. मधुमेह जुना झाला की तळव्यांची संवेदना बोथट होते. मांडीचा स्नायू बारीक होतो, त्यामुळे मेंदूची आज्ञा वेळेवर पोहोचली तरी ती बजावणारा शिपाई अशक्त असतो. हे निसर्गाचे काम आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु यांपैकी स्नायूंचा अशक्तपणा व सरावाचा अभाव यांवर आपला हात चालतो. एक साक्षीदार दुबळा झाला तर उरलेल्या दोघांचे अधिक ऐकण्याची सवयही मेंदूला लावता येते. या सवयीचेच नाव तोलाचा व्यायाम.

ही विद्या आपल्या मातीस नवीन नाही. आपल्या सीमेला लागून असलेले बसवकल्याण ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख सापडतो, आणि मल्लखांबाचा इतिहास सांगणारे तेथूनच प्रारंभ करतात. पुढे उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या काळी, बाळंभटदादा देवधर यांनी हा व्यायाम नव्याने प्रचारात आणला. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगास दाखविले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घराघरांत नेण्यासाठी आयुष्य वेचले. अगदी अलीकडे, २०२४ साली, मुंबईच्या दादर येथील मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुले व ज्येष्ठ नागरिक यांनाही मल्लखांब शिकविला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ज्या खांबावर केवळ तरण्या मल्लाचा अधिकार मानला जात होता, तेथे साठी उलटलेली माणसेही जाऊ शकतात.

आपल्या दोन जिल्ह्यांतही ही परंपरा आहे. नांदेडला होला महल्ल्याच्या मिरवणुकीत गतका खेळणारे शीख तरुण आपण पाहतो. आपली नजर तलवारीवर खिळते, पण सारी करामत पायांच्या पैंतऱ्यात असते. माळेगावच्या यात्रेत व लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचे फड रंगतात. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी कुस्तीत देशभर नाव मिळविले. कुस्ती म्हणजे तरी काय? आपला तोल राखून प्रतिपक्षाचा तोल मोडण्याची कला.

मात्र तोलाचे शिक्षण तालमीतच मिळत होते असे मुळीच नाही. लंगडी हा खेळ घ्या. एका पायावर उड्या मारीत पळणाऱ्यास शिवावयाचे, आणि दुसरा पाय टेकला की बाद. याहून सरस तोलाचा व्यायाम कोणत्या ग्रंथात सापडेल? पंचमीच्या सणाला मुली फुगडी घालतात. दोघींची पावले जवळ, हात हातांत गुंफलेले, अंगे मागे झुकलेली. एकीचा भार दुसरीने तोलावयाचा आणि गरगर फिरत असता डोके स्थिर ठेवावयाचे. बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरणारी, डोईवर घागर आणि कडेवर कळशी घेऊन शेताच्या बांधावरून चालणारी आपली आजी कोणत्याही व्यायामशाळेत गेली नव्हती. ते कष्ट पुन्हा यावेत असे आम्ही म्हणणार नाही. पाण्यासाठी मैलोगणती चालणे ही गौरवाची गोष्ट नव्हती, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांस ते समजावून सांगावयास नको. परंतु त्या कष्टांबरोबर देहास जे आपोआप मिळत होते, ते आता जाणूनबुजून मिळवावे लागेल, इतके मात्र खरे.

आता मुलांकडे वळू. 'लातूर पॅटर्न' या नावाने आपल्या शहराची कीर्ती सर्वत्र पसरली आहे, आणि नांदेडही त्यात मागे नाही. आपल्या ज्ञातीतील अनेक मुले डॉक्टर व अभियंते झाली ती या परिश्रमामुळेच, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंत बाकावर, खुर्चीवर आणि उरलेल्या वेळी मोबाईलवर मान वाकवून बसणारा सतरा वर्षांचा मुलगा उभा करा आणि त्यास मोजे घालण्यासाठी एक पाय उचलावयास सांगा. पुष्कळांचा हात भिंतीकडे जातो. शाळेच्या वेळापत्रकातला पी. टी. चा तास परीक्षा जवळ आली की गणितास दिला जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. दिवसातील वीस मिनिटे लंगडी, दोरीवरच्या उड्या किंवा सूर्यनमस्कार यांत गेली म्हणून कोणाची वैद्यकीय प्रवेशाची जागा हुकल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

पण आजच्या भाषणाचा खरा रोख ज्येष्ठांकडे व त्यांची काळजी वाहणाऱ्या मुलासुनांकडे आहे. आपल्या घरांत माणूस साठीस आला की त्यास मान म्हणून खुर्ची मिळते. "बाबा, तुम्ही उठू नका, पाणी मी आणते." "आई, तुम्ही जिना चढू नका." हे शब्द प्रेमाचे आहेत आणि ज्या घरात ते बोलले जातात ते घर भाग्याचे. परंतु पाणी आणावयास उठणे, जिना चढणे, देवघरात खाली बसून पुन्हा उभे राहणे, हीच त्या वयातील उजळणी असते. तीच काढून घेतली की मांड्या वाळतात, पावलांचा विश्वास जातो आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो. खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, खर्च होतो, आणि माणूस उठून बसला तरी मनात भीती बसते. भीतीने तो आणखी कमी हलतो, कमी हलल्याने आणखी दुबळा होतो, आणि पुन्हा पडतो. मान देता देता आपण माणसास अंथरुणास खिळवितो, असा हा विपरीत प्रकार आहे.

याचा आवाका लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रम लागतो, आणि त्यात साठीपुढील माणसे सर्वांत अधिक असतात.

मग उतारवयात व्यायामाने काही साधते काय? साधते, आणि त्यास पुरावा आहे. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील १० जणांकडून आठ आठवडे मांड्यांच्या शक्तीचा व्यायाम करवून घेण्यात आला. एकाने मध्येच सोडला. उरलेल्या ९ जणांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी हातातली काठी टाकली. १९९७ साली न्यूझीलंडमध्ये ८० वर्षांपुढील स्त्रियांना घरच्या घरी शक्ती व तोल यांचे व्यायाम शिकविण्यात आले, तेव्हा त्यांचे पडणे कमी झाले. २०१९ साली अशा १०८ प्रयोगांचा एकत्र विचार झाला. त्यांत २३ हजारांहून अधिक वृद्ध स्त्रीपुरुष सहभागी होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने घटते, असे त्यातून दिसून आले. यातील एक बारकावा आपण अवश्य ध्यानी घ्यावा. हा लाभ प्रामुख्याने तोलाच्या व उठबशीच्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याने तेवढा लाभ होतो असे सिद्ध झाले नाही. आपल्यातील पुष्कळ ज्येष्ठ रोज पहाटे फिरावयास जातात. हृदयासाठी व मनासाठी ते उत्तमच, परंतु तोलासाठी त्यास आणखी थोडी जोड हवी.

ती जोड कशी द्यावी, ते आता सांगतो. ओट्याशेजारी किंवा खिडकीच्या गजाशेजारी उभे राहावे, म्हणजे आधार हाताशी राहील.

पहिला व्यायाम उठबशीचा. भिंतीस टेकविलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर बसावे आणि हातांचा टेकू न घेता उठावे. पुन्हा सावकाश बसावे. प्रारंभी पाच वेळा, मग दहा वेळा. हात टेकल्यावाचून उठता येत नसेल तर आधी टेकून करावे आणि हळूहळू हाताचा भार कमी करीत जावे.

दुसरा, टाचांचा. आधार धरून दोन्ही टाचा उचलाव्या, क्षणभर थांबावे, हळू खाली आणाव्या. मग चवडे उचलून टाचांवर भार घ्यावा.

तिसरा, पावलापुढे पाऊल. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांस लावून उभे राहावे. हे साधले की तशाच रीतीने भिंतीकडेने दहा पावले चालावे. नंतर तोंड भिंतीकडे करून आडवे चालावे.

चौथा, एका पायाचा. गज धरून एक पाय उचलावा व मनात दहा अंक मोजावे. सवय झाली की एकच हात, मग एकच बोट, मग काहीच नाही. योगासने करणाऱ्यांनी भिंतीजवळ वृक्षासन केले तरी तेच साधते.

या दहा अंकांविषयी थोडे सांगतो. ब्राझील देशात ५१ ते ७५ या वयाच्या १,७०२ व्यक्तींना एका पायावर १० सेकंद उभे राहण्यास सांगितले होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पाचांपैकी एकास ते जमले नव्हते, आणि सत्तरीपुढच्यांत तर निम्म्याहून अधिकांस. ज्यांना जमले नाही त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. यावरून कोणी धास्ती घेऊ नये. त्या गटात मधुमेह व स्थूलता असलेलेही अधिक होते. ही कसोटी म्हणजे ज्योतिषाचे भाकीत नव्हे. चाचणी परीक्षेसारखी ती आपला कच्चा विषय दाखविते आणि अभ्यासास लावते.

हे सारे आठवड्यातून निदान तीन दिवस करावे. तेल-मिठाप्रमाणे ते रोजच्या कामात मिसळता आले तर फारच उत्तम. दूध तापेपर्यंत टाचा उचलाव्या, जप करताना एका पायावर उभे राहून पाहावे.

सावधगिरीही सांगितली पाहिजे. बिछान्यात कूस बदलताच घर फिरू लागते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. कित्येकदा कानातले ते सूक्ष्म कण जागचे सरकल्यामुळे तसे होते, आणि डॉक्टर डोके विशिष्ट रीतीने वळवून ते ठिकाणावर आणू शकतात. तेव्हा 'वय झाले' म्हणून ते सोसू नये. उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, मोतीबिंदू असेल, तर आधी डॉक्टरांस दाखवावे. पाय सुजले असता, ताप असता, फरशी ओली असता व्यायाम करू नये. डोळे मिटून करण्याचा धाडसीपणा एकट्याने मुळीच करू नये.

घराकडेही एकदा डोळसपणे पाहावे. आपल्याकडील शहाबादी फरशी उन्हाळ्यात गार आणि सुखद. पण साबणाचे पाणी सांडले की ती वैरीण होते. न्हाणीघरात खरखरीत फरशी व भिंतीस धरावयास लोखंडी दांडी असावी. रात्री शौचास जाण्याच्या वाटेवर दिवा असावा. झिजलेल्या तळाच्या सपाता आणि पायांत येणारा धोतराचा सोगा यांनीही पुष्कळांस पाडले आहे. हे खर्चाचे काम नव्हे, लक्ष देण्याचे आहे.

भगिनींस विशेष सांगणे आहे. तालमीची दारे स्त्रियांना बंदच होती, आणि फुगडी लग्नानंतर दोनचार वर्षांत सुटते. पाळी जाण्याच्या वयानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून पडल्यास मोडण्याचे भय त्यांनाच अधिक. "घरातले काम करते, तोच माझा व्यायाम" असे म्हणून आपल्या माताभगिनी हा विषय बाजूस सारतात. परंतु काम दुसऱ्यांसाठी असते. दिवसातील वीस मिनिटे स्वतःच्या देहासाठी घेणे हा चैनीचा भाग नाही, आणि ती त्यांना मिळवून देणे हे घरातील पुरुषांचे कर्तव्य आहे.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना नम्रपणे मांडतो. लग्नसराई सोडली तर आपले कार्यालय वर्षातील बरेच दिवस बंद असते. आठवड्यातून तीन सकाळी ते ज्येष्ठांच्या व्यायामासाठी उघडावे, त्यात एक वेळ स्त्रियांसाठी राखावी, आणि आपल्याच ज्ञातीत फिजिओथेरपी शिकलेली जी मुलेमुली आहेत त्यांनी आळीपाळीने मार्गदर्शन करावे. नांदेडच्या बांधवांनीही आपल्या सोयीने असेच करावे. दुसरी सूचना, या व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नाही. आज सत्कारासाठी वर येताना आपल्या ज्येष्ठांना दोघादोघांनी दंडाला धरून आणावे लागले. पुढील मेळाव्यापूर्वी तेथे कठडा बसवावा. तिसरी सूचना, पुढील वर्षापासून मुलांच्या क्रीडास्पर्धांत लंगडी असावी, आणि तिचे पंच म्हणून आजोबा-आजींना मैदानात उभे करावे. खुर्च्या मात्र त्यांना देऊ नयेत.

ज्येष्ठांचा सन्मान आपण असाच करीत राहू. त्यांना शाल द्यावी, श्रीफळ द्यावे, आणि त्यांच्या हातून घरातले थोडे कामही काढून घेऊ नये. स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा आनंद ज्यास शेवटपर्यंत लाभतो, त्यास आणखी कोणत्या मानाची फारशी गरज उरत नाही. पाने मांडल्याची वर्दी आलेली दिसते. पंगतीत बसताना आणि उठताना शक्य असेल त्यांनी हाताचा टेकू न घेता बसावे व उठावे, आणि ज्यांना ते शक्य नसेल त्यांनी उद्यापासून अभ्यासास लागावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.